पाणी शुद्ध करणारे मणी : घ्यावेत, पण हिशेबाने



कारखान्याच्या सांडपाण्याचा विषय निघाला की आपण दोनच गोष्टी करतो. विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला की कारखान्याला बोल लावतो, आणि पाणी शुद्ध करायचे यंत्र आणा म्हटले की टनामागे किती कपात होणार ते विचारतो. दोन्ही रास्तच आहे. पण ते यंत्र काय करते आणि काय करू शकत नाही, हे मात्र आपण विचारीत नाही. हल्ली सच्छिद्र पॉलिमरच्या मण्यांचा बराच बोलबाला आहे, म्हणून हे चार शब्द.

हे मणी आपल्याला अगदीच परके नाहीत. बॉयलरचे पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मणी असतात. रिफाइंड साखर करणारे कित्येक कारखाने पाकाचा रंगही रेझिननेच काढतात. सच्छिद्र मणी हा त्यांचाच भाऊबंद. स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेंझीन या द्रव्यांची सांधणी करून तो बनवतात. बनवताना आत एक द्रव मिसळलेला असतो. तो नंतर काढून घेतला की मणीभर सूक्ष्म भोके राहतात. दिसायला रव्याचा कण, पण चांगल्या जातीच्या एका ग्रॅम मण्यांतील भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सात गुंठे रान झाकेल! फिनॉल, रंग, कीटकनाशके, तणनाशके अशी सेंद्रिय द्रव्ये या भिंतींना चिकटतात आणि पाणी पुढे जाते.

२०१६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सायक्लोडेक्स्ट्रिनपासून असाच सच्छिद्र पदार्थ केला. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून मिळणारे, ग्लुकोजच्या सात कड्यांचे कडे. तेव्हा साखरेच्या कुळातली वस्तूही पाणी धुऊ शकते, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता दुसरी बाजू. डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघते. त्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खाते, तो मोजतात त्याला बी.ओ.डी. म्हणतात. स्पेंटवॉशचा हा आकडा लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो. गावच्या गटारीच्या पाण्याच्या शंभरपटीहून जास्त. असले दाट, काळपट पाणी थेट मण्यांवर सोडले तर भोके बघता बघता बुजतील आणि सभासदांचे पैसे त्यात अडकून पडतील. त्याला गॅसचे डायजेस्टर, बाष्पीकरण, प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट किंवा बॉयलरमध्ये जाळणे हेच मार्ग. मणी ही शेवटची चाळण आहे, पहिली नव्हे.

आणखी एक गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाही. मणी घाण नष्ट करीत नाहीत, नुसती धरून ठेवतात. भरले की ते अल्कोहोलने, अल्कलीने नाहीतर वाफेने धुवावे लागतात, आणि धरलेली सगळी घाण त्या धुवणात उतरते. ते धुवण ओढ्यात सोडले तर आपण केले काय? घाण या खिशातून त्या खिशात घातली, एवढेच.

म्हणून माझे मत असे. पहिले काम गळती थांबवणे. मिलखाली सांडणारा रस आणि पंपाच्या ग्लँडमधून ठिबकणारा पाक हे नुसते प्रदूषण नाही, ती आपल्याच बिलातली साखर आहे. दुसरे काम, पाण्याचा फेरवापर. उसात शेकडा सत्तरच्या आसपास पाणीच असते. ते नीट वापरले तर नदीतून उपसा कमी होतो. एवढे झाल्यावर जे निवळ पाणी उरेल आणि ज्यात थोडेच पण घातक द्रव्य असेल, तिथे मणी जरूर वापरावेत.

आणि आपले स्वतःचे काय? उसात ॲट्राझीन आपणच मारतो. पावसाने ते झिरपून विहिरीत उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे २०१२ चे भारतीय मानक सांगते. ते डोळ्यांना दिसत नाही नि जिभेलाही कळत नाही. तेव्हा फवारा मोजून मारावा, विहिरीच्या कडेला पंप धुऊ नये. कारखान्याकडे बोट दाखवणाऱ्याने आपलाही बांध बघावा.

सर्वसाधारण सभेत अशा यंत्राचा विषय आलाच, तर सभासदांनी तीनच प्रश्न विचारावेत. कोणते पाणी यात सोडणार? मणी कशाने धुणार? धुवण कुठे जाणार? तिन्हींची उत्तरे आकड्यांसह, लेखी मिळाली तर हात वर करावा. नाहीतर कपातीचा रुपया जाईल आणि विहिरीचा वास तसाच राहील.