काका, थोडं मागे घ्या



डिसेंबर उजाडला की घरात मुलांच्या सुट्टीचा विषय निघतो. खामगाव, मलकापूर, चिखली या भागांतील आपल्या व्यापारी घरांत हे दिवस कापसाच्या आवकेचे. त्यामुळे कर्ती माणसे दोन दिवसांपलीकडे मोकळी होत नाहीत. त्या दोन दिवसांत पूर्वी तीर्थयात्रा होत असे. सातपुड्याच्या अरण्यातील मुक्तागिरीच्या मंदिरांच्या दर्शनास आम्ही लहानपणी जात असू, तेव्हा जंगल वाटेत लागे. आता नातवंडांच्या सहलीत जंगल हेच मुक्कामाचे ठिकाण झाले आहे आणि ‘दर्शन’ हा शब्द वाघासाठी वापरला जातो. याबद्दल कुरकुर करण्यासाठी हे लिहीत नाही. आठ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात यांना घेऊन मी स्वतः दोनदा सफारीला जाऊन आले आहे.

पहिल्या वेळी नातू सहा वर्षांचा होता आणि आम्ही एका गाजलेल्या व्याघ्रप्रकल्पात गेलो होतो. पहाटे मुलांना अर्धवट झोपेत उघड्या जिप्सीत बसवले. वाऱ्याने नातीचे कान दुखू लागले. वाघ दिसल्याची वर्दी येताच चालकाने धुळीच्या रस्त्यावरून गाडी अशी पिटाळली की तिला उलटी झाली. पोहोचलो तेव्हा दहा-बारा गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. माणसांच्या डोक्यांमधून वाघाची पाठ आणि शेपटी दिसली. त्याला रस्ता ओलांडून पलीकडे जायचे होते. तो दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे फिरला. परतीच्या वाटेवर नातवाने विचारले, “आजी, त्याला जायचं होतं ना? मग आपण का नाही सरकलो?” मी म्हटले, “अरे, आपल्या मागेही गाड्या होत्या.” उत्तर खरे होते, तरी ते देताना मला संकोच वाटला.

पुढे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील गोठणगावच्या सफारीत पर्यटकांच्या गाड्यांनी एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट अडवली. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. गाडीत मात्र आपल्यासारखेच पर्यटक बसलेले होते. मला त्या वेळी आपल्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवले. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध ही नावे पाठशाळेत आपण सर्वांनी पाठ केली आहेत. ‘बंध’ म्हटले की दावणीला बांधलेले जनावर डोळ्यांसमोर येते. परंतु पूज्यपादाचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’त बंधाचा अर्थ जीवाला हव्या त्या ठिकाणी जाण्यास अटकाव करणे असा दिला आहे. दोरी तेथे अनिवार्य नाही. भाड्याची जिप्सीही पुरते. आणि वाघाची वाट पाण्याकडे जात असेल, तर पाचवा अतिचारही फार दूर राहत नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही घराजवळचे ज्ञानगंगा अभयारण्य निवडले. बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या घाटात लागणारे हे जंगल आपण शेकडो वेळा मोटारीच्या काचेतून पाहिले आहे आणि बहुधा भाव-उताराच्या गप्पा मारीत पाहिले आहे. सुमारे दोनशे पाच चौरस किलोमीटरचे हे सागाचे पानझडी अरण्य. बिबटे, अस्वले, नीलगाई, भेकर, तडस हे येथले रहिवासी. वाघ दाखवतो असे येथे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. लहान मुलांच्या दृष्टीने हा या जंगलाचा मोठाच गुण होय, कारण मुळात दाखवण्याची घाईच नसते.

तरीही येथे वाघ येऊन गेला आहे, आणि त्याची हकीकत मी मुलांना आदल्या रात्री सांगितली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवण्यात आली होती. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला. तेलंगणातील जंगले, विदर्भ-मराठवाड्यातील शेते, नाले, महामार्ग ओलांडीत, बहुतेक रात्री चालत, सुमारे तेराशे किलोमीटरची वाट तुडवून तो डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली गेली, तोवर त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरांपलीकडे गेली होती.

“म्हणजे तो विहार करत आला!” नातू म्हणाला. घरात हशा पिकला. साधू-साध्वींचा विहार निराळा हे मी त्याला समजावले, पण अनवाणी वाटचालीचे कष्ट त्याला नेमके उमगले होते. मग तो का निघाला, हा प्रश्न आलाच. टिपेश्वर लहान, तेथे जागा धरून बसलेले वाघ आधीच पुष्कळ. तरुण नराला स्वतःचे क्षेत्र, पाणी, भक्ष्य आणि जोडीदारीण शोधत बाहेर पडावे लागते. आपले पूर्वज मारवाड-गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन नव्या पेठेच्या शोधात वऱ्हाडात उतरले, त्याहून हे फारसे वेगळे नाही, असे मी म्हटले. सुनेला ही उपमा आवडली नाही, मुलांना मात्र आवडली. वॉकरची पेढी मात्र येथे बसली नाही. या जंगलात त्याला वाघीण भेटली नाही.

“तो काय खायचा?” नातीने विचारले. रानडुक्कर, कधी गाईगुरे, असे मी खरे ते सांगितले. जैन घरातील मुलाला सफारीला नेणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवावी. “मग तो पापी आहे का?” मी तिला सांगितले की, भगवान महावीरांचा जीव एका पूर्वभवात सिंह होता. दिगंबर परंपरेतील उत्तरपुराणात असे आहे की, शिकारीत मग्न असलेल्या त्या सिंहाला आकाशमार्गे आलेल्या दोन चारणमुनींनी बोध केला आणि त्याची दृष्टी पालटली. मुनींनी त्याचा तिरस्कार केला नाही. हिंसेचे कर्म त्याला बांधले जात होते, हेही खरेच. वाघाला बाजार नाही, स्वयंपाकघर नाही, आपल्याला दोन्ही आहे. एवढ्याने तिचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. माझेही झालेले नाही.

नातवाने मात्र तोडगा काढला, “मग आपण त्याला खाखरा देऊ या.” येथे आपल्या समाजाबद्दल थोडे स्पष्ट बोलते. घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटे, केळी, उरलेल्या पुऱ्या देणे याला आपण जीवदया समजतो. त्या खाण्यासाठी माकडे रस्त्यावर येऊन बसतात आणि मालमोटारींखाली सापडतात. झाडावरचे खाणे सोडून माणसाच्या हाताकडे पाहू लागतात, पिशव्या हिसकावतात, आणि मग तीच माकडे आपल्याला उपद्रवी वाटतात. पांजरापोळातील गाईला चारा घालणे वेगळे, कारण ती आपल्या आश्रयाला आहे. रानातील जीव आपल्या आश्रयाला नाही. ज्ञाताधर्मकथेतील हत्ती आठवावा. वणव्यात त्याने खाजवण्यासाठी पाय उचलला, त्या जागी एक ससा येऊन बसला, आणि अडीच दिवस त्याने तो पाय खाली ठेवला नाही. पुढे तोच जीव श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार झाला. हत्तीने सशाला काही खाऊ घातले नव्हते. त्याने फक्त पाय टेकवला नाही.

व्यवहाराचे थोडे सांगते. चार वर्षांखालील मुलांना उघड्या गाडीत तासन्‌तास नेऊ नये. त्यांना घराजवळचे तळे पुरते. सायंकाळच्या फेरीत चौविहार सांभाळणे कठीण जाते, कारण हिवाळ्यात परत येईपर्यंत सूर्यास्त होऊन जातो. सकाळची फेरी बरी. नवकारशी असेल तर मुलांना त्याचा त्रास होत नाही, कारण गाडीत खायचे नाहीच. खाखरे, मुरमुरे बाहेर आल्यावर. कानटोपी, कोमट पाणी, मळखाऊ रंगाचे कपडे, आणि निघण्यापूर्वी लघुशंका, कारण आत उतरता येत नाही.

ज्ञानगंगेत आम्ही मुलांना एकच नियम दिला होता. पाणवठ्याशी गाडी थांबली की मौन. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे जी मुले चुळबुळत काढतात, ती तेथे अर्धा तास श्वास रोखल्यासारखी बसली. प्रथम काहीच दिसले नाही. मग पळसावरचे पक्षी ओळखीचे झाले, वाळक्या पानांवरची खसखस ऐकू येऊ लागली. नात ओठांवर बोट ठेवून आम्हालाच गप्प करीत होती.

मग झुडपांतून नीलगाईची एक मादी आली, मागे वासरू. पाण्याच्या अलीकडे ती थांबली. आमची गाडी तिच्या वाटेवर नव्हती, पण जवळ होती. ती कान हलवीत तशीच उभी राहिली. मला ते ध्यानात येण्यापूर्वी नातवाने पुढे वाकून चालकाच्या खांद्याला हात लावला आणि अगदी हळू म्हणाला, “काका, थोडं मागे घ्या.” त्यांनी गाडी उतारावरून आवाज न करता मागे जाऊ दिली. नीलगाय आणखी थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिली, आणि मग वासराने आधी पाण्याला तोंड लावले.