तांबड्या डोंगराचा तुकडा

गेल्या महिन्यांत मेलबर्न येथें राहणारा आमचा पुतण्या सहकुटुंब एडवणास येऊन गेला. मुलांच्या खाऊबरोबर त्यानें अंगठ्याएवढा एक दगडाचा तुकडा आमच्या हातीं ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं वाळवंटांत उलुरू नांवाचा डोंगर आहे, त्याचा तो तुकडा. आमच्या नातवानें तो उलटसुलट करून विचारलें, "आजोबा, हा एका अंगानें तांबडा आणि दुसऱ्या अंगानें राखी कसा?" इतक्यांत वहिनींनीं, म्हणजे पुतण्याच्या मातोश्रींनीं, तो नर्मदेच्या गोट्याशेजारीं देवघरांत नेऊन ठेवलाही! नातवाचा प्रश्न मात्र राहिला. त्याचें उत्तर वाचकांपुढेंही ठेवतों.

आपल्या पूर्वेकडील तांदुळवाडीचा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा. त्याचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा. उलुरूची जात निराळी. तो वालुकाश्म, म्हणजे दगड झालेली वाळूच. सुमारें ५५ कोटी वर्षांपूर्वीं त्या प्रदेशांत उंच पर्वत होते. जमिनीवर झाडेंझुडपें अद्याप उगवलीं नव्हतीं, त्यामुळें पावसाच्या लोंढ्यांनीं ते पर्वत झपाट्यानें झिजले व त्यांची वाळू पायथ्याशीं पंख्यासारखी पसरली. पुढें तेथें समुद्र आला; त्याच्या गाळाच्या भारानें वाळू दबून घट्ट झाली. त्यानंतर, ४० ते ३० कोटी वर्षांपूर्वींच्या काळांत, भूकवचाच्या हालचालींनीं हे आडवे थर आडवी पोथी उभी करावी तसे जवळजवळ उभे झाले. भोवतालचा मऊ भाग झिजून गेला आणि कठीण भाग उरला, तोच हा डोंगर.

याचा पुरावा त्या तुकड्यांतच होता. भिंगाखालीं पाहतां त्यांतील कण कडांचे दिसले. आपल्या किनाऱ्यावरील वाळूचे पुष्कळसे कण घासून गुळगुळीत झालेले असतात. शिवाय त्यांत फेल्स्पार नांवाचें खनिज पुष्कळ आहे. तें फार काळ हवापाण्यांत राहिलें तर त्याची माती होते. म्हणजे ही वाळू दूरचा प्रवास न करतां लवकर गाडली गेली. रंगाचें कोडें तर त्याहून सोपें. आंतला दगड मूळचा राखी; त्यांतील लोहास हवा लागून पृष्ठभागावर गंज चढतो, तोच तांबडा रंग.

उलुरू भोवतालच्या मैदानापासून ३४८ मीटर उंच असून त्याचा घेर ९.४ किलोमीटर आहे. शाळेंत भूगोल शिकवितांना, मैदानावर ठेवलेला हा एक प्रचंड धोंडा आहे, असें आम्हीं मुलांस सांगत असूं. तें चुकीचें होतें. दिसतो तो केवळ माथा. तेच थर जमिनीखालीं खोलवर गेलेले आहेत. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं ही दुरुस्ती करून घ्यावी.

हें सारें वाचीत असतां आणखी एक गोष्ट कळली. १८७३ सालीं एका गोऱ्या प्रवाशानें त्या डोंगरास एअर्स रॉक असें नांव दिलें. परंतु तेथील अनंगू लोकांस तो पूर्वापार पवित्र. १९८५ सालीं सरकारनें ती भूमि त्यांच्या स्वाधीन केली आणि २०१९ पासून डोंगरावर चढणें बंद झालें. पायथ्यानें प्रदक्षिणा घालण्यास मात्र मोकळीक आहे. तेथून दगड नेण्यास कायद्यानें मनाई असून, नेलेले दगड कित्येक प्रवासी क्षमापत्रासह परत धाडतात.

पुतण्या ओशाळला, मुलांच्या हौसेखातर त्यानें तो उचलला होता. परंतु वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, देवघरांत बसविलेला दगड बाहेर कसा काढायचा?" आम्हीं म्हटलें, "वहिनी, ज्यांचा देव, त्यांस विचारलें कोठें आहे?" त्या कांहीं बोलल्या नाहींत. दोन दिवस त्यांनीं त्यास फूलही वाहिलें. पुतण्याच्या निघण्याच्या सकाळीं मात्र त्यांनींच तो नव्या खणांत गुंडाळून त्याच्या हातीं दिला. त्यानें क्षमेचें पत्र आमच्यासमोर लिहिलें.

नातू थोडा हिरमुसला आहे. त्यास तांदुळवाडीस नेण्याचें आम्हीं कबूल केलें आहे. तेथील काळ्या दगडाची हकीकत पुढील अंकीं.