सगळ्यांनाच ‘दीर्घ श्वास घे’ सांगू नका



कुणाला धाप लागली की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो: “दीर्घ श्वास घे, णमोकार म्हण, बरं वाटेल.” णमोकार जरूर म्हणावा. पण दीर्घ श्वासाचा सल्ला सरसकट देणं आता थांबवायला हवं.

दम्यात श्वासनळ्या सुजतात, आवळतात. आत गेलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. हवा आधीच कोंडलेल्या छातीत आणखी हवा भरायला सांगून काय साधणार?

घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या सुनेचं वेगळं. तिच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. म्हणून चक्कर येते, ओठांभोवती नि बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही असं वाटतं. मोठे श्वास घेतले की त्रास वाढतो. तिला सावकाश, नाकाने, हलका श्वास घ्यायला सांगा आणि जवळ बसा. “नाटकं करते” म्हणू नका. तोंडाला कागदी पिशवीही लावू नका. दमा निघाला तर जिवावर बेतेल. एकाच बाईला दोन्ही त्रास असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं.

आणि तो पंप! “सवय लागते”, “लग्न जमेपर्यंत कुणाला दिसू देऊ नकोस” हे ऐकून चीड येते. तातडीचा पंप आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करतो, रोजचा पंप सूज आटोक्यात ठेवतो. यात व्यसन कसलं? प्राणायाम पंपाच्या जोडीला करा, पंपाऐवजी नको. उपवास करायचा असेल तर डॉक्टरांशी आधी बोला; मनाने पंप बंद करू नका.

कायोत्सर्गात आपण 27 श्वासोच्छ्वासांत 9 वेळा णमोकार म्हणतो. 10 प्राणांत श्वासोच्छ्वास हा एक प्राण मानतो. पाण्यातल्या जीवांसाठी पाणी गाळून घेणाऱ्या आपण, घरातल्या लेकीचा श्वास कोंडत असताना तिला पंप लपवायला लावतो, ही कुठली अहिंसा?

एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. एरवी धाप लागलेल्या दमेकरणीला पहिला प्रश्न हाच विचारा: “पंप कुठे आहे गं तुझा?”