मिलिसिव्हर्ट म्हणजे काय रे भाऊ?

‘अणुऊर्जा : शाप की वरदान?’ हा विषय तुमच्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत एकदा तरी येऊन गेला असणारच. एक बाजू चेर्नोबिल, फुकुशिमा म्हणते, दुसरी कोळशाचा धूर आणि विकास म्हणते. टाळ्या दोघांनाही पडतात. ‘किती?’ हे मात्र कुणी विचारत नाही.

किरणोत्सर्गाचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. माती, खडक, हवा, अवकाशातून येणारे किरण, अगदी आपलं जेवण, या सगळ्यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. अणुवीज केंद्रामुळे बाहेरच्या माणसाला त्यावर वर्षाला १ पेक्षा जास्त मिळू नये, ही आपल्याकडची मर्यादा. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण आठ-दहा मिळतात. म्हणजे नुसतं ‘रेडिएशन’ ऐकून दचकायचं कारण नाही.

आता तारापूर घ्या. १९६९ पासून चालू असलेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, आपल्याच पालघर जिल्ह्यात. तिथे पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे. समुद्राचं पाणी, मासळी, दूध, भाजीपाला, माती यांचे नमुने तपासले जातात आणि अधिकृत अहवालांतले आकडे मर्यादेच्या बरेच खाली असतात. मोजण्याचा उपयोगही होतो. २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगा केंद्रात कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं. ते उघडकीला आलं कामगारांच्या नेहमीच्या लघवी तपासणीमुळे.

मग अडचण काय? प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची, वीज केंद्र न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनचं, आणि दोघंही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली. थोडक्यात, सगळे मार्क इंटर्नलचे! कुणी आकडे फिरवतं असं मी म्हणत नाही. पण प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक येतो, तो तुमच्या सरांवर अविश्वास म्हणून नव्हे ना? मग इथे का नको?

तारापूरला तर हे जास्तच लागू. शेजारीच एमआयडीसी आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात सर्वांत प्रदूषित ठरलेली. उद्या किनाऱ्यावर मासे मेले तर दोष कुणाचा? रसायनांचा, किरणोत्सर्गाचा, की गरम पाण्याचा? हो, गरम पाणीसुद्धा. अणुभट्टीतल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेत जातो, उरलेला बहुतेक समुद्रात. जैतापूरला तर १०,३८० मेगावॉटचा प्रकल्प ठरलाय. साखरी नाट्याचे मच्छीमार या पाण्याबद्दल विचारतात, तेव्हा त्यांना ‘किरणोत्सर्ग सुरक्षित आहे’ असं सांगणं म्हणजे गणिताच्या पेपरात इतिहासाचं उत्तर.

हे आकडे दर महिन्याला, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. मासळीत किती, पाण्यात किती, तापमान किती वाढलं, मर्यादा किती. कोळीवाड्यातल्या आजीला वाचता येईल असे. इंग्रजी अहवाल संकेतस्थळावर टाकला की काम झालं, असं म्हणायची सोय ठेवू नये.

आणि बाहेरचा परीक्षक तुम्हीसुद्धा होऊ शकता. फुकुशिमानंतर जपानमध्ये ‘सेफकास्ट’च्या स्वयंसेवकांनी स्वतःची यंत्रं जोडून, गाडीवर लावून, रस्तोरस्तीचा किरणोत्सर्ग मोजला आणि नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या फिजिक्सच्या लॅबमध्येही जीएम काउंटर धूळ खात असेल. पालघर, बोईसर, रत्नागिरीच्या कॉलेजांनी वर्षभर ठरलेल्या जागी बॅकग्राउंड मोजून नोंदी ठेवायला काय हरकत आहे? जैतापुरात तर अजून भट्टीच नाही, म्हणजे ‘आधी’चा आकडा घ्यायची हीच वेळ. फक्त एक लक्षात ठेवा, पाण्यातला ट्रिटियम जीएम काउंटरला दिसत नाही. त्यासाठी लिक्विड सिंटिलेशन काउंटर लागतो. तो विद्यापीठाकडे मागावा लागेल.