पिकअप तापते कधी ते आधी बघा, पार्ट मग बदला



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. कुणी बोट वर ओढलीय, कुणी खाडीत बांधून ठेवलीय. जाळी विणणं, तळ घासणं, रंग, इंजिनचं काम, सगळं जोरात आहे. पण ज्या पिकअपवर आपली मासळी जेटीवरून बाजारात जाते तिच्याकडे कोण बघतंय? ती बिचारी अंगणात माडाखाली उभी. तिचं काम निघणार ऑगस्टमध्ये, तेही बहुतेक चोर्ला घाटात.

आपल्यात एक रीत पडून गेलीय. गाडी तापली की रेडिएटरमध्ये पाणी घालायचं आणि पुढे जायचं. पुन्हा तापली की पुन्हा पाणी. ड्रायव्हर सीटमागे पाण्याचा कॅन ठेवतो आणि मालकाला वाटतं, चाललीय ना गाडी! माझं म्हणणं स्पष्ट आहे: रोज पाणी मागणारी गाडी आजारी आहे. पाणी कुठेतरी जातंय. ते कुठे जातंय हे न शोधता नुसतं घालत राहणं म्हणजे भोक पडलेल्या होडीतलं पाणी उपसत बसण्यासारखं आहे.

दुसरी रीत अंदाजाने पार्ट बदलायची. आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. पैसे गेले आणि गाडी तापायची ती तापतेच. त्यापेक्षा मेकॅनिककडे जाताना एक गोष्ट नक्की सांगता आली पाहिजे, ती म्हणजे गाडी कधी तापते. अर्धं निदान तिथेच होतं.

उभी असताना किंवा बाजाराच्या गर्दीत तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? मग वारा कमी पडतोय. फॅन बघा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर फ्यूज, रिले, सेन्सर तपासा. इंजिनवर फिरणारा क्लच फॅन असेल तर गरम इंजिन बंद करून, तो थांबल्यावर हाताने फिरवून बघा. काहीच अडकाव न होता भिरभिर फिरला तर क्लच गेला. इलेक्ट्रिक फॅनच्या जवळ मात्र हात नेऊ नका, तो आपोआप सुरू होऊ शकतो.

उलट, सपाटीवर ठीक आणि भरलेल्या क्रेटसह घाट चढताना तापते? मग रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून चिखलाने चोंदलेला असेल. थर्मोस्टॅट अर्धवटच उघडत असेल, पंप कमी पाणी फेकत असेल किंवा खालचा होज पाइप ओढ लागून आत चपटा होत असेल. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेला कचरा समोरून दिसतच नाही. तो गोड्या पाण्याने, हलक्या धारेने, इंजिनच्या बाजूकडून पुढे असा धुवा. जोराची धार मारली तर पत्र्याच्या बारीक पात्या दुमडतात.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप अजून थंडच? बहुधा थर्मोस्टॅट बंद अडकलाय. तापताना बॅटरीचा लाल दिवाही लागला तर बेल्ट बघा, तो तुटला असेल.

बाहेर कुठेच गळत नाही तरी पाणी रोज कमी होतं, तिथे घाबरायला जागा आहे. थंड इंजिन टोपण उघडून सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसतं. यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केटचा संशय धरा आणि गाडी चालवणं थांबवा. नुसतं गॅस्केट लवकर पकडलं तर काम निभावतं. तशीच पळवली तर हेड वाकतं, मग फेसिंग, आणि शेवटी इंजिनच जाम.

टोपण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. टोपणाने साधारण १ बारचा दाब धरला की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही आणि चांगल्या गाडीतूनही वाफ निघते. आणि याच दाबामुळे गरम गाडीचं टोपण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. घाई कितीही असू दे, पाइप हाताला थंड लागेपर्यंत टोपणाला हात नाही म्हणजे नाही.

आता एक खास आपल्या किनाऱ्याची गोष्ट. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी खूपदा मचूळ असतं. तेच रेडिएटरमध्ये जातं. मीठ अॅल्युमिनियम खातं, हे बोटवाल्याला सांगायची गरज नाही. अडचणीच्या वेळी मिळेल ते गोडं पाणी घाला, पण घरी आल्यावर ते काढून, आतून धुऊन, कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर दिलेल्या प्रमाणात घाला. नुसता रंग बघून दोन कूलंट मिसळू नका, रंगावरून जात कळत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तर सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरतं आणि गाडी आणखी तापते. संशय असेल तर काढून पातेल्यात पाण्यात तापवून बघा. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडला तर चांगला, नाहीतर नवा बसवा.

घाटात काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा, खालच्या गिअरमध्ये सावकाश घ्या. लाल रेषेला लागला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन बंद करा. आणि वाफ निघत असताना काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी संपलंय आणि सेन्सर कोरडा पडलाय. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

हे सगळं ड्रायव्हरला कळतं. मग तो थांबत का नाही? कारण आपण त्याला फेरीवर पैसे देतो. थांबला तर फेरी गेली, बर्फ वितळला, बेळगावचा भाव पडला आणि बोलणीही त्यालाच. म्हणून तो काट्याकडे न बघता देवाचं नाव घेत चढवत राहतो. मालकांनो, गाडी तापली म्हणून थांबलेल्या ड्रायव्हरची मजुरी कापू नका. एका फेरीची मासळी गेली तर नुकसान एका दिवसाचं. इंजिन गेलं तर ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये आणि मासळी जेटीवर, दलाल देईल त्या भावात.

कुणी म्हणेल, भाड्याच्या गाड्या, आपण कशाला बघायचं? मासळी आपली आहे म्हणून.

माझी सूचना छोटी आहे. संस्थेने रेडिएटरचा एक प्रेशर टेस्टर घ्यावा. हातपंपासारखा असतो. थंड गाडीच्या रेडिएटरवर लावून टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा आणि काटा टिकतो का बघायचा. पडला तर गळती आहे, मग ओल शोधायची. टोपणही त्यावरच तपासता येतं. एकट्याने कुणी घेणार नाही, पण सगळ्यांच्या गाड्यांना एकच पुरेल. जुलैतला एक रविवार ठरवून प्रत्येक पिकअप तपासावी: टोपण, पाइप, बेल्ट, फॅन, कूलंट.

बोटीचं इंजिन सुरू केल्यावर आपली पहिली नजर पाणी बाहेर पडतंय का इकडे जाते. बापजाद्यांनी लावलेली सवय आहे ती. तीच नजर रोज सकाळी बोनेटखाली गेली तर चालेल ना? तुमच्या गाडीचा अनुभव खाली लिहा, आणि टेस्टरच्या बाजूने असाल तर येत्या सभेत हात वर करा.