रानाच्या कडेचा हिशेब कोण देणार?



पिकाचा खर्च मांडताना आपण बी, खत, औषध, मजुरी, वीजबिल सगळे धरतो. माशीची मजुरी धरत नाही, कारण तिची पावती कोणी फाडत नाही. कांद्याचे बी धरणाऱ्यांना मात्र ती चांगली ठाऊक आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. माशी फिरली नाही तर गोंडा दिसायला भरघोस आणि बी मोजकेच. मग भाड्याने पेट्या आणा.

ही माशी राहते कुठे? आग्याला उंच झाड नाहीतर कडा लागतो, सातेरीला ढोली, फुलोरीला झुडूप. आपले पीक फुलते काही आठवडे. बाकीचे दिवस तिला जांभूळ, हिरडा, करंज जगवतात.

कोस्टारिकात एका मोठ्या कॉफी मळ्यावर याचे मोजमाप झाले, ते २००४ साली प्रसिद्ध झाले. रानापासून किलोमीटरभराच्या आतल्या झाडांना २० टक्के जास्त पीक. एकदाणी फळे २७ टक्क्यांनी कमी. रानाचे दोन तुकडे, मिळून १५७ हेक्टर. त्या एका मळ्याला त्यांचा फायदा वर्षाला सुमारे ६० हजार डॉलर!

आता शहरातले शहाणे म्हणतील, बघा, शेतकऱ्याने झाडे तोडू नयेत. थांबा. ज्या कडेतून माशी येते त्याच कडेतून रानडुक्कर येते, वानर येते, गवा येतो. माशीचा फायदा आजूबाजूच्या सगळ्यांना, डुकराचा तोटा कडेवरच्या एकट्याला. झाड राखले तर हाती काही नाही, कोळशाला दिले तर चार पैसे. मग त्याने कुऱ्हाड लावली तर गुन्हेगार तो कसा? कोस्टारिकाने १९९७ पासून रान राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायला सुरुवात केली, तेही इंधनावरच्या करातून. आपल्या वाट्याला वृक्षारोपणाचे सप्ताह.

आमची मागणी साधी आहे. मालकी रान राखणाऱ्याला दर हेक्टरी दरसाल मोबदला द्या, आणि जनावरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई बाजारभावाने द्या.

दोन गोष्टी आपल्या हातातल्याही आहेत. बांधावरची चार झाडे म्हणजे रान नव्हे. अरुंद पट्ट्यात ऊनवारा आरपार शिरतो, जमीन सुकते, जुनी झाडे वठतात. राखायचे तर रुंद राखा. आणि पीक फुलात असताना फवारा टाळा; अगदीच अडले तर दिवस मावळल्यावर मारा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने मालकी रान किती उरले, कोणाचे, आणि लगत कोणती पिके, याची यादी सोबत आणावी.