ग्रहांची गर्दी

मंडळी, हल्ली चार वर्षांच्या पोरालाही आठ ग्रहांची नावं पाठ असतात. पाहुणे आले की आईबाप कौतुकाने म्हणायला लावतात. पण त्यालाच विचारा, सूर्यापासून पृथ्वी किती लांब? वीतभर अंतर दाखवेल. त्याने पाहिलेल्या व्हिडिओंत ग्रह एसटीच्या रांगेत उभे असल्यासारखे एकमेकांना चिकटून गाणी म्हणत असतात ना! (शाळेतले तक्तेही याच पापाचे धनी.)

मी तर याला चक्क दिशाभूल म्हणेन. सूर्य फुटबॉलएवढा धरला तर पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, तोही २४ मीटरवर. नेपच्यून तर ७०० मीटरच्या पुढे. मधे जवळजवळ सगळं रिकामं!

मोबाईल काढून घ्या, असं मी म्हणत नाही. जॉश वर्थ यांनी २०१४ साली केलेलं 'इफ द मून वर ओन्ली वन पिक्सेल' हे पान उघडा. चंद्र पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढा धरून त्याच मापात सूर्यमाला आडवी पसरली आहे. सरकवत राहा, काळोख संपतच नाही. मुलं कंटाळतात. कंटाळू द्या की! अंतर म्हणजे काय ते त्या कंटाळ्यातच कळतं.

आणि स्टेलॅरियम, संगणकावर तेही फुकट. गाव आणि वेळ घाला, आज आपल्या गच्चीवरून कुठला ग्रह कुठे दिसेल ते दाखवतं. पण मग पोराला घेऊन गच्चीवर जायला हवं. तिथे आईबापांना डास चावतात म्हणे.